कडेलोट आणि अधांतरी

तो माझ्या ग्रहावर चुकून उतरला.

दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. लॅबमधल्या माझ्या टेबलावर डबा उघडून, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून मी बसले होते. समोर प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले. दातांचे डॉक्टर आमच्याकडे मापं पाठवतात, आणि आम्ही त्यावरून कवळ्या बनवतो. बाकीचे दोघे जेवायला घरी जायचे. माझं घर लांब. आणि घरी जाऊन तरी बोलणार कोणाशी? आई गेल्यापासून चार वर्षं बाबा हो-नाहीच्या पलीकडे गेले नव्हते.

म्हणून हा खेळ. त्यात ताऱ्यांमधलं एक मोठं राज्य मोडून पडलेलं असतं. वाटा बंद, वस्त्या उजाड. प्रत्येक खेळाडूने एकेक ओसाड ग्रह घ्यायचा, तिथे माणसं वसवायची आणि शेजाऱ्यांना जोडत जोडत सगळं पुन्हा उभं करायचं. एकट्याने काहीच होत नाही. मी मात्र मुद्दाम अगदी टोकाचा ग्रह घेतला होता. त्याचं नाव ठेवलं होतं ‘कडेलोट’.

त्या दिवशी एक खटारा यान माझ्या बागेशेजारी येऊन थांबलं. त्यावर नाव होतं ‘अधांतरी’.

“माफ करा,” त्याने लिहिलं. “वळण चुकलं. परत जायला इंधन नाही.”

“नकाशा बघत नाही का?”

“बघतो. पण... इकडे हिरवं दिसलं.”

मी इंधन दिलं. तो गेला. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला पुन्हा हजर.

“आज कुठलं वळण चुकलं?”

“आज नाही चुकलं.”

हातातला घास हातातच ठेवून मी त्या तीन शब्दांकडे बघत राहिले.

तो उंच इमारतींच्या कामावर क्रेन चालवायचा. ऐंशी मीटरवर एक काचेची खोली, त्यात एक खुर्ची. शिडीने खाली यायचं आणि परत चढायचं यातच सुट्टी संपते, म्हणून डबा वरच खायचा.

“दिवसभर कोणाशी बोलता?” मी विचारलं.

“वॉकीटॉकीवर. घे, थांब, सोड. एवढंच.”

“मग तुमचं आणि माझ्या बाबांचं छान जमेल.”

“आणि तुमचं? कडेलोट हे काय नाव झालं?”

“कोणी जवळ येऊ नये म्हणून.”

“मला कडांची सवय आहे,” तो म्हणाला.

मी कवळ्या बनवते म्हटल्यावर त्याने विचारलं, “म्हणजे लोकांचे दात काढता?”

“ते डॉक्टर काढतात. तुम्ही मात्र उगाच दात काढू नका.”

“काढले. इथे बघायला कोण आहे...”

लॅबमध्येही कोणी नव्हतं. मीही हसून घेतलं.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलं नाही. त्याचा ग्रह खडकाळ, लोखंडाने भरलेला, पण पाण्याचा थेंब नाही. माझ्याकडे पाणी होतं. मी रोज पाणी पाठवायचे, तो लोखंड पाठवायचा. त्या लोखंडाचे आम्ही पूल बांधले, बंद वाटा उघडल्या. सहा महिन्यांत अकरा ग्रह जोडले गेले. सुट्टी अर्धा तासाची. पण उरलेला दिवस त्याच अर्ध्या तासाला टेकून उभा असायचा.

मग एका सोमवारी तो आला नाही.

मंगळवारीही नाही. त्या आठवड्यात वारं सुटलं होतं, लॅबच्या खिडक्या दिवसभर थडथडत होत्या. मला सारखी ती काचेची खोली दिसायची. त्याचा फोन नंबर मी कधी मागितला नव्हता. तो कोणत्या गावात असतो, तेही नाही. जीव टांगणीला लागला होता, आणि विचारायचं कोणाला? सासरहून ताईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “आवाज का असा?” मी सर्दी झाल्याचं सांगितलं.

खेळातले शेजारी म्हणाले, तो सोडून गेला असणार, ग्रह दुसऱ्याला देऊन टाकू. मी म्हटलं, थोडं थांबा. त्याच्याकडून लोखंड येत नव्हतं, तरी मी पाणी पाठवत राहिले. तिथे पाणी संपलं की माणसं मरतात. लोखंडाशिवाय माझे नवे पंप बसेनात, पाणी दोघांना पुरेना, म्हणून मी बागांचं तोडलं.

पंधराव्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी त्याचं नाव उजळलं.

“माझी माणसं जिवंत कशी?”

“पाणी पाठवत होते.”

“आणि तुझ्या बागा?”

“वाळल्या. झाडं काय, परत लावता येतात.”

मग दोन शब्द आले. “आई गेली.”

त्यामागून हळूहळू उरलेलं. तीच एक होती घरात. सगळं आटोपून तो आजच कामावर परतला होता. “वॉकीटॉकीवर काय सांगू? घे, थांब, सोड... तुलाच पहिल्यांदा सांगतोय.”

मी माझा फोन नंबर लिहिला. लगेच फोन वाजला. पलीकडे वारा ऐकू येत होता, आणि त्यात मधूनच अडकणारा त्याचा श्वास. सुट्टी संपेपर्यंत मी फोन कानाला धरून बसले.

पुढच्याच रविवारी सात तासांचा प्रवास करून तो आला. परतीची गाडी संध्याकाळची होती.

लिहिताना जे सोपं होतं ते स्टेशनच्या बाकावर महाकठीण झालं. उन्हाने रापलेला चेहरा, मोठे हात, आणि नजर सारखी वर कुठेतरी.

“मोबाईल काढू?” त्याने विचारलं. “लिहून सांगतो.”

“नको. तोंडाने सांग. अडखळलास तरी चालेल.”

तो अडखळला. चांगलाच. “तू... म्हणजे मी... त्या अर्ध्या तासावर मला आता भागवता येत नाही.”

“मलाही नाही,” मी म्हटलं. “पण बाबांना सोडून मी कुठे येणार?”

“ये असं नाही म्हणत. हे काम अजून वर्षभर आहे. त्यानंतर... तुमच्या गावात उंच इमारती बांधतात?”

“नसतील बांधत तर?”

त्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. “मग जमिनीवर राहायला शिकेन.”

मी त्याचा हात धरला. गाडी लागेपर्यंत सोडला नाही. गाडी गेल्यावर ते बाक इतकं मोठं वाटायला लागलं की मला तिथे बसवेना.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं, ग्रह आणि पाण्यासकट. त्यांना किती कळलं, देव जाणे. ते खिडकीबाहेरच बघत होते.

“घरी कोण असतं त्याच्या?” त्यांनी विचारलं.

“आता कोणी नाही, बाबा.”

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते जे बोलले, तितकं लांब बोलणं चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“पुढच्या वेळी त्याला स्टेशनवरून परत पाठवू नकोस,” ते म्हणाले. “घरी घेऊन ये.”