सहाव्या खाटेवरची नाडी

दिवे येईपर्यंत बसायचंच आहे, तर जरा सरकून बसा. आणि ते मोबाइल खिशात घाला, उजेड डोळ्यांत जातोय माझ्या. मी काही रचून सांगत नाही. जिच्या बाबतीत घडलं, तिच्या चेहऱ्याला मी सात वर्षं रोज रंग लावलाय. मेकअपच्या खुर्चीत बसलेलं माणूस सहसा खोटं बोलत नाही. आरसा समोर असतो ना.

तेव्हा आपली डॉक्टरांची मालिका जोरात होती. एका जुन्या गोदामात आख्खं हॉस्पिटल उभं केलेलं. डॉक्टर मात्र एकाहून एक. मोठे डॉक्टर, जे आठवड्याला दोन हृदयं उघडायचे, ते आधी पंख्यांच्या दुकानात विक्रेते होते. त्यांची सख्खी आई त्यांना गुडघा दाखवायची आणि हे गंभीर चेहरा करून दाबूनही बघायचे. भूल देणारे बँकेतून निवृत्त झालेले. आणि तो तरणाबांड सर्जन, ज्याच्यावर पोरी जीव टाकायच्या, तो पूर्वी ट्रक चालवायचा. पण लाल सरबत सांडलं तरी बिचाऱ्याला घेरी यायची.

एकटी सिस्टर तेवढी खरी. सेटवर तिला सगळे सिस्टरच म्हणायचे, पण ती खरोखरच नर्स होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. विचारलं तर म्हणायची, शाळेत कारकून होते. मोठे डॉक्टर पेशंटची नाडी अंगठ्याने बघायचे. आता अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, त्यामुळे अंगठा टेकवला की माणसाला आपलीच नाडी लागते. नाडी बघायची ती तीन बोटांनी. नर्सला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. ही शेजारी ट्रे धरून उभी असायची, सगळं दिसायचं, पण चकार शब्द काढायची नाही.

मालिकेचे पाचशे भाग झाले तेव्हा चॅनलने एक पुस्तिका काढायची ठरवली, आपले डॉक्टर पडद्यावर येण्याआधी कोण होते याची. सगळ्यांना एकेक फॉर्म दिला. नाव, शिक्षण, पूर्वीचा व्यवसाय, खाली सही. मोठ्या डॉक्टरांनी पंख्यांवर दीड पान लिहिलं, वर पुरवणी मागितली. सिस्टरने व्यवसायाचा रकाना आणि सही सोडून बाकी सगळं भरलं, आणि फॉर्म वॉर्डातल्या टेबलाच्या खणात ठेवून घरी गेली. शुक्रवारी सकाळी आठला कागद छपाईला जायचे होते. जेवताना तिला आठवलं. म्हणून गुरुवारी रात्री, पावणेबाराला, ती परत आली.

वॉचमनने लहान दार उघडलं. "सिस्टर, एवढ्या रात्री?"

"कागद विसरलाय हो मामा. आलेच दोन मिनिटांत."

"आतला मेन स्विच बंद आहे. बॅटरी घेऊन जा. आणि आत कोणी घोरत असेल तर उठवा."

हे ती रोजच करायची. पेशंट म्हणून आणलेली माणसं दिवसभर खाटेवर पडून खरंच झोपी जातात, तुम्ही बघता ना. पॅकअप झालं की कोणीतरी फेरी मारून त्यांना उठवावं लागतं. एकदा एक मढ्याचं काम करणारा गडी सकाळपर्यंत झोपला आणि झाडूवाल्याची पाचावर धारण बसली होती.

तर ती वॉर्डात गेली. सहा खाटा, प्लायवूडच्या भिंती, रंगाचा वास. खणातून फॉर्म काढला, बॅटरी टेबलावर आडवी ठेवली आणि पेन उघडलं. 'शाळेत कारकून' असं लिहून मोकळं व्हायचं, एवढंच काम. पण हात चालेना.

कारण ऐका. त्या रात्रीच्या नऊ वर्षं आधी खऱ्या हॉस्पिटलात तिची रात्रपाळी होती. अठ्ठावीस पेशंट आणि ही एकटी. सहाव्या खाटेवर एक म्हातारी होती, दुपारीच दाखल झालेली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून हिनेच तिचा हात धरून कागदावर अंगठा उठवला होता. अंगठ्यावर जुना, खोल कापल्याचा व्रण. ठशाच्या बरोबर मधून कोरी रेघ गेली. ही म्हणाली, "आजी, तुमचा अंगठा काही कुणाला चोरता यायचा नाही." म्हातारी पोटभर हसली. निजताना तिने हिचा हात धरला. "सिस्टर, रात्री माझी नाडी बघून जा हो. कुणी येणार आहे म्हटलं की भीती वाटत नाही."

बारा वाजता हिचे पाय सुजलेले. लांबून बघितलं, म्हातारी निजलेली दिसली. तक्त्यावर लिहिलं, बहात्तर. दोन वाजताही तसंच, बहात्तर. पाचला हात लावला तर गार. डॉक्टर म्हणाले, एकच्या सुमारास गेल्या असाव्यात. म्हणजे दोन वाजताचे बहात्तर ठोके मेलेल्या बाईचे होते. आणि बाराला बघितलं असतं तर कदाचित... मुलगा रडत विचारत होता, आईला रात्री त्रास झाला का हो? ही म्हणाली, नाही, शांत झोपल्या होत्या. त्याने तिचे आभार मानले. महिन्याभरात हिने नोकरी सोडली.

तर पेन हातात धरून ती बसली होती. आणि पलीकडून कोणीतरी खोकलं.

सहाव्या खाटेवर. पांघरूण घेऊन कोणीतरी पडलेलं, पांढरा अंबाडा तेवढा बाहेर.

तिला हसूच आलं. उठून जवळ गेली. "आजी, पॅकअप कधीच झालं. चला, घरी वाट बघत असतील."

हालचाल नाही. पांघरुणाबाहेर एक हात आला. मनगट वर करून.

"सिस्टर... बारा वाजले."

तिला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. पण तिथे आता रंगाचा वास नव्हता. फिनेलचा होता.

"नाडी बघायची राहिली."

हात तिने आपणहून धरला की धरला गेला, ते तिला कधी सांगता आलं नाही. हात गार नव्हता. चांगला ऊबदार होता. आणि ठोके लागत होते. धडधड, धडधड. तिचा जीव भांड्यात पडला. बहात्तर... त्याहून जास्तच...

मग तिने खाली बघितलं.

तिने अंगठा टेकवला होता. मोठ्या डॉक्टरांसारखा.

तिने अंगठा उचलला. तीन बोटं ठेवली.

काही नाही.

बोटं जरा सरकवली.

काही नाही.

घड्याळाचा काटा फिरत होता. तिने पूर्ण मिनिट मोजलं. शेवटपर्यंत.

"किती आली?"

तिने पुन्हा बोटं दाबून बघितली.

"सिस्टर?"

"लागत नाही, आजी."



"आजी, मी तेव्हा आलेच नाही हो. न बघताच लिहिलं."

"माहीत आहे," आवाज अगदी मऊ होता. "मी जागीच होते. वाट बघत."

सिस्टर तिथेच रडली.

"आता खरं लिही," आवाज म्हणाला.

तिने टेबलावरून फॉर्म आणून खाटेच्या कडेवर ठेवला. त्या रकान्यात लिहिलं, परिचारिका. खाली लिहिलं, सहावी खाट, बारा वाजता बघितलं नाही, दोन वाजता बघितलं नाही, दोन्ही आकडे खोटे. मान वर केली तेव्हा बॅटरी विझली. आणि ती पळाली. फॉर्म, पेन, चपला, सगळं तिथेच टाकून.

सकाळी सहा वाजता माझ्या खुर्चीत येऊन बसली ती अनवाणीच. सगळं सांगितलं. तोंडावर पाणीसुद्धा मारलं नव्हतं. म्हणाली, "दादा, तेवढा कागद आणून द्या. मला आत जाववत नाही."

पुढे तिने कोरा फॉर्म मागून घेतला आणि त्यात परिचारिका असंच लिहून छापायला दिलं. म्हातारीच्या मुलालाही पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं का, ते मी कधी विचारलं नाही. मोठ्या डॉक्टरांना तिने तीन बोटं ठेवायला शिकवलं. पॅकअपनंतर ती झोपलेल्या प्रत्येकाचं मनगट धरायची, घड्याळ बघून, पूर्ण मिनिट. पोरं हसायची. मी नाही हसलो.

कारण कागद आणायला मी गेलो होतो. सहाव्या खाटेची चादर ताणून बसवलेली, सुरकुती नाही. त्यावर फॉर्म. अक्षर तिचंच. सही तिने केली नव्हती. शाईचं पॅड आमच्या सेटवर कधीच नव्हतं, सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याला मी दोनदा विचारलं.

सहीच्या जागी अंगठा उठवलेला होता, निळा. आणि त्याच्या बरोबर मधून कोरी रेघ गेलेली होती.