पेल्यांची उतरंड

लातुरातल्या माझ्या सायबर कॅफेत भुताटकी आहे, असं लोक म्हणतात. ऐकू नका. भुतं तासाचं भाडं कशाला देतील?

त्या संध्याकाळी वीज जाऊन आली, आणि क्लासात बायोलॉजी शिकवणारी उज्वला चुकून भलत्याच कॉम्प्युटरपुढे बसली. पडद्यावर काळोखी गल्ली, पुढ्यात बंदूक, धुळीत डुलणारा एकच दिवा...

"मॅडम, ते माझं आहे."

मागे मुकुल उभा. त्याच क्लासात पेपर तपासणारा. बंदुकांच्या गेमसाठी स्वतःचे नकाशे, म्हणजे गल्ल्या-घरं, रचायचा त्याला नाद.

"बंदूक दिलीत सर, पण मारायचं कुणाला? इथं तर कुणीच न्हाई."

"म्हणून तर भीती वाटते. घाबरलात?"

"हाव... थोडी. पण दारं चुकली तुमची. सगळ्यांना कड्या! भूकंपानंतर आमच्या निलंग्याकडं कडी लावून कुणी झोपत नव्हतं. खिडकीत स्टीलच्या पेल्यांची उतरंड ठेवायची. जमीन हलली की पेले खणखणणार, माणसं बाहेर पळणार. माझी माय अजून रचते."

दुसऱ्या दिवशी नकाशातली दारं उघडी होती. खिडक्यांत पेले होते.

मग रोजचंच झालं. तो एक घर वाढवायचा, ती त्यात खोट काढायची. माऊसवर दोघांचे हात एकदमच यायचे – अन् एकदमच मागे जायचे.

अशात नांदेडच्या क्लासनं उज्वलाला नोकरीला बोलावलं.

"सकाळच्या एसटीनं निघून राहिले मी," ती म्हणाली.

"बरं."

"बरं? एवढंच?"

"शेवटचं घर बघून जा."

ती पडद्यावरच्या गल्लीतून चालत गेली. शेवटच्या दाराला कडी.

"पुन्हा चुकलात, सर."

"त्या घरात मी राहतो... कडी तुम्ही काढायची आहे."

मग तिनं कडी काढली. आत पेटती चूल, दोन ताटं, खिडकीत उतरंड. आणि पेले खणखणले.

"आवाज मस्त बसवलाय."

मुकुलचा चेहरा उतरला. "आवाज अजून बसवलाच नाही. स्पीकरही बंद आहे."

खण्... खण्...

दोघं हातात हात धरून रस्त्यावर. बाहेर सगळं शांत. भेळवाला भेळ कालवत होता.

"जमीन हलत नाहीये," मुकुल हळूच म्हणाला.

"मला कळून राहिलंय." तिनं हात सोडला नाही. "नांदेडला पेपर तपासणारा लागतच असंल की."

"तिथं विचारता?"

"विचारलंय. कवाच."

पेले मीच टेबलाखाली वाजवले, असं लोक म्हणतात. छे! माझ्याकडे चहा काचेच्या ग्लासात मिळतो. स्टीलचा पेला दुकानात एकही नाही.