सातव्या प्रकरणातलं कापड

करवंटी भर गं लुसेआने, रात्र मोठी आहे. आणि मोसेसे, तो मोबाइल पालथा ठेव, उजेड डोळ्यांत येतो माझ्या. सांगतो, सांगतो. पण मध्ये खिदळायचं नाही. ही काही आजोबांच्या बेटावरची गोष्ट नाही. आपल्या या ओमारू गावातली आहे, गेल्या जुलैतली, ऐन थंडीतली. महिन्याचा दुसरा शुक्रवार. सोसाइआला तुम्ही सगळे ओळखता, चर्चमध्ये मागच्या बाकावरून खालच्या पट्टीत गातो तो. त्याच्यावर बेतलं हे. त्यानं माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, एकदाच. पुन्हा विषय काढला की उठून जातो.

त्या संध्याकाळी सोसाइआ टपालातून एक पार्सल आणायला गेला होता. साधंच काम. पार्सल होतं कॅलम रॅट्रेचं.

कॅलम म्हणजे बंदराजवळच्या पांढऱ्या दगडी वखारीत ज्याचा छापखाना होता तो. लाल दाढी, गळ्यात रुमाल. तो कादंबऱ्या लिहायचा, पण नुसत्या नाही. त्याची कादंबरी पेटीतून यायची. पुस्तक असायचंच, शिवाय लाखेनं बंद केलेली पाकिटं. वाचता वाचता पानावर हुकूम यायचा, आता तिसरं पाकीट फोडा. फोडलं की आतून बुडालेल्या खलाशाचं बटण निघायचं, नाहीतर गंजकी किल्ली, नाहीतर अर्धा फाटलेला नकाशा. ती वस्तू हाताळायची, तिचा वास घ्यायचा, कोडं सोडवायचं आणि मग पुढचं प्रकरण. मी एकदा तसली पेटी मांडीवर घेऊन बसलो, तर बायको म्हणते, "वाचताय की पेटारा उपसताय?"

काय पेनी, तुझी मेहुणीही वाचते? वाचू दे की. मजा असते त्यात. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा दोन रात्री त्या किल्लीच्या मागे लागलो होतो.

मटणाच्या कारखान्यातली पाळी संपली की सोसाइआ कॅलमकडे पेट्या चिकटवायला जायचा. हात सफाईदार, आणि दोघांचं पटायचंही. एकमेकांची टर उडवत काम चालायचं. मग कॅलमनं नवी कादंबरी लिहिली, आपल्या समुद्रावरची. व्हेल मारणारं जहाज, बुडालेला कप्तान, कुठल्याशा बेटावर पुरलेलं काहीतरी. सातव्या प्रकरणात वाचकाच्या हाती न्गातूचा तुकडा द्यायचा, अशी त्याची कल्पना.

"सोस, तुझ्या आईकडे आहे ना ते सालीचं कापड?" एक दिवस तो म्हणाला. "दे की चार दिवस. फोटो काढतो, कागदावर छापतो आणि परत देतो."

आनासेइनीचं न्गातू! तुम्ही इथे जन्मलेली पोरं, तुम्हाला लग्नात अंथरलेलं तेवढं दिसतं. अरे, बायकांचे खांदे निखळतात त्याच्यापायी. झाडाची साल सोलायची, भिजवायची, ओंडक्यावर ठेवून मोगरीनं कुटायची. ठक ठक ठक, सकाळपासून गावभर तोच आवाज. वीतभर पट्टी कुटून कुटून पसरत जाते. मग पट्ट्या खळीनं जोडायच्या, वर काळ्या रेघा ओढायच्या. आनासेइनीनं ते आपल्या बहिणीबरोबर बसून केलं होतं. त्याच वर्षी बहीण गेली. म्हातारीनं ते विमानातून इथे आणलं आणि गादीखाली घडी घालून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हे माझं शेवटचं अंथरूण. दुसऱ्या कशात ठेवलंत तर याद राखा." आम्ही हसायचो.

तिनं ते काढून दिलं. मुलानं शब्द टाकला म्हणून दिलं.

मे महिन्यात म्हातारी गेली. झोपेतच, पहाटे. सोसाइआ सकाळीच वखारीत धावला, आईचं कापड आणायला. कॅलम टेबलाशी उभा होता. हातात सुरी आणि पोलादी पट्टी. टेबलावर चौकोन रचलेले, तळहाताएवढे. एकावर एक, अगदी नीट.

"हे काय केलंस कॅलम?"

"अरे, फोटोत जीव येईना. कागद तो शेवटी कागदच. वाचकाला खरी वस्तू लागते, बोटांना कळतं."

"आई गेली. आज पहाटे."

त्यानं सुरी खाली ठेवली. मग म्हणतो, "वाईट झालं रे. पण असं बघ, मातीत कुजण्यापेक्षा हे काय वाईट? देशोदेशी जाईल तुझी आई. पहिली प्रत तुला. फुकट."

फुकट! ऐकलंत? माझं डोकं आजही तापतं. मी सोसाइआला विचारलं, तू त्याचा गळा का नाही धरलास? म्हणाला, काका, घरात मयत होतं, हाताला भांडण लावून घरी जायचं नव्हतं. त्यानं निदान तुकडे तरी मागितले. तर कॅलम म्हणे, पेट्यांच्या ऑर्डरी घेऊन झाल्यात, लोकांना काय तोंड दाखवू?

मयताला न्गातू कमी नव्हतं. ऑकलंडहून आलं, ड्युनेडिनहून आलं, चटयांचा ढीग लागला. पण तिचं नव्हतं. बायका बघत होत्या. त्या दिवशी सोसाइआची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. तरी कॅलमकडे जात राहिला. मी रागावलो तेव्हा म्हणाला, "एक तुकडा, काका. एखादी पेटी खराब निघेल, परत येईल. एक तुकडा मिळाला तरी आईच्या मातीत नेऊन पुरतो."

जूनमध्ये पेट्या रवाना झाल्या. जुलै लागला आणि वाचकांच्या तक्रारी यायला लागल्या. सातवं पाकीट रिकामं. लाख शाबूत, पाकीट शाबूत, आत काही नाही. नुसता ओल्या सालीचा वास. टौरांगाची कुणी बाई, पर्थचा कुणी मास्तर, सगळ्यांचं एकच रडगाणं. कॅलमचं पित्त खवळलं.

"तू काढलेस. लाख वितळवून काढलेस आणि पुन्हा बंद केलंस."

"मी नाही काढले."

"मग काय, तुझी आई येऊन घेऊन गेली?"

हेच शब्द, बरं का. जसेच्या तसे.

आता ते पार्सल. तिमारूच्या एका गिऱ्हाइकाला चुकून दोन पेट्या गेल्या होत्या, त्यानं एक न फोडता परत पाठवली. नेमकं त्या पेटीतलं सातवं पाकीट कॅलमनं स्वतः बंद केलं होतं, सोसाइआनं त्याला हातही लावला नव्हता. तेव्हा कॅलमनं ठरवलं, ही दोघांसमोर फोडायची. आत तुकडा निघाला तर बाकीचे सोसाइआनं चोरले. सोमवारी पोलिसात. पोलिसात गेलं की कारखान्यातली नोकरीही गेलीच. आणि हा वेडा सबंध वाटेवर काय म्हणत होता माहितीय? आत तुकडा असू दे. चोर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण आईला एक तुकडा मिळू दे.

कॅलमनं सांगितल्याप्रमाणे रात्री साडेनऊला तो पार्सल घेऊन वखारीत शिरला. बाहेर दव गोठायला लागलं होतं. खाली धक्क्यावर पेंग्विन वर चढत होते, त्यांचं ते गाढवासारखं ओरडणं चाललेलं. कॅलम टेबलाशी बसला होता. वर एकच दिवा.

"आलास? अजून ती चटई कमरेला गुंडाळूनच?"

"आई गेली की वर्षभर गुंडाळायची असते."

"बस. हात मला दिसतील असे ठेव."

पेटी उघडली. सातवं पाकीट काढलं. लाख फोडली. दोन बोटं आत घातली… आणि हसला. तुकडा होता. फिकट तांबूस, मधून एक काळी रेघ.

"चोर," कॅलम म्हणाला.

"बरं, चोर. तो तुकडा मला दे आणि मग बोलव पोलीस."

"इतकी घाई? आधी वाचू या. माझ्या पुस्तकाची मजा घालवलीस ना तू, आता पूर्ण ऐक."

माणूस जिंकला की तिथेच थांबत नाही बघा, समोरच्याला चोळतो. त्यानं सातवं प्रकरण काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. स्वतःचंच लिहिलेलं, अगदी चवीनं. नकाशा टेबलावर पसरा. उजवा हात त्यावर उताणा ठेवा. कापड तळव्यावर अंथरा. काळी रेघ मधल्या बोटाला जुळली की ते बोट बेट दाखवील. आता डोळे मिटा. कान द्या.

त्यानं नकाशा पसरला. हात ठेवला. कापड अंथरलं.

डोळे मिटले.

पेंग्विन गप्प झाले. एकदम. सगळे.

मग… ठक.

लांबून. धक्क्याच्या बाजूनं.

ठक… ठक.

"ऐकलंस?" सोसाइआनं विचारलं.

"समुद्र आहे." कॅलम हसत होता. डोळे मिटलेलेच.

समुद्र नव्हता तो. सोसाइआ लहानपणी त्या आवाजात झोपी गेलेला आहे. आवाज रस्त्यावर आला. दाराशी आला. दार वाजलं नाही. आवाज आत आला.

ठक. ठक. ठक.

आणि एक मोगरी नव्हती. दोन होत्या. आळीपाळीनं. दोघी बहिणी समोरासमोर बसून कुटतात तशा.

"कॅलम, हात उचल."

"का?"

"उचल म्हणतो ना!"

"सोस…"

"उचल!"

"सोस, उचलत नाहीये."

दिवा गेला.

…

ओत गं. माझी करवंटी रिकामी आहे.

…

आवाज आता टेबलावर होता. आधी लाकडावर पडतो तसा. मग… ओल्या सालीवर पडतो तसा. मऊ. किंकाळी एकच आली. त्यानंतर नुसतं नको, नको. आणि त्या दोन मोगऱ्या. सावकाश. घाई नाही. हातात दिवसभराचं काम असल्यासारख्या.

सोसाइआ अंधारात बसून होता. मी त्याला विचारलं, तू काही बोलला नाहीस? आई होती तुझी, तुझं ऐकलं असतं. म्हणाला, "तोंडाशी आलं होतं, काका. आई, पुरे कर. पण मग त्याचं ते ‘फुकट’ आठवलं. मी ओठ मिटून घेतले."

दिवा आला तेव्हा नकाशा टेबलावर होता. कापड नव्हतं. कॅलमचा हात… होता. पण पसरलेला. रक्ताचा थेंब नाही. हाड म्हणून काही हाताला लागत नव्हतं, तळव्यावर एकही रेघ उरली नव्हती. ड्युनेडिनच्या डॉक्टरांनी विचारलं, छापखान्यात यंत्रात अडकला का? कॅलम हो म्हणाला. सोसाइआही हो म्हणाला. पोलिसांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. कॅलम आता लिहीत नाही, वखारीला कुलूप आहे. मला दया आली का? नाही आली. ज्या हातानं म्हातारीचं अंथरूण कापलं, त्या हाताची मला दया येत नाही, तोंडावर सांगतो.

सकाळी सोसाइआ इस्पितळातून निघाला तो थेट टेकडीवर, आईच्या मातीवर. आपण तिथे पांढरी वाळू पसरली होती, प्लास्टिकची फुलं लावली होती. सगळं जागच्या जागी. दव गोठून गवत पांढरं झालेलं, कुठे पावलाचा ठसा नाही. आणि वाळूवर, मधोमध, एक तुकडा. तळहाताएवढा.

तो धावला. त्याला वाटलं, आईचाच. पण तो तिचा नव्हता. काळी रेघ नाही, रंग नाही. कोरा. पातळ. ताजा कुटलेला. तिच्या कापडाचा एक कपटासुद्धा तिथे नव्हता. ते सगळं ती घेऊन गेली होती. हा एकच टाकून दिला होता.

तो तुकडा घेऊन तो तडक माझ्याकडे आला. माझ्या आईनं जन्मभर साल कुटली, मी डोळे झाकून ओळखतो. ती साल नव्हती. एवढ्या दवात पडून तो तुकडा ओला नव्हता, गार नव्हता. कोमट होता.

मी तो स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर धरला. आत रेघा दिसल्या. तीन ठळक, बाकीच्या बारीक, एकीतून दुसरी फुटलेली.

सोसाइआनं आपला तळवा शेजारी धरला. मग मी माझा धरला.

दोघांच्याही जुळल्या नाहीत.