रिंग जाते आहे

हल्ली 'स्विच ऑफ' हे शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. पोरांच्या तोंडून चुकून निघाले की आया डोळे वटारतात, "जिभेला काही हाड?" वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हेच शब्द किती साधे होते! चार्जिंग संपलं, फोन स्विच ऑफ. तासभर पिनेला लावला की पुन्हा सुरू. आता मात्र जो फोन एकदा स्विच ऑफ झाला, तो झाला.

कारण फोन आता खिशात नसतो, मनगटावर असतो, आणि त्याला चार्जर लागत नाही. त्याला ऊबपट्टी म्हणतात. दोन वेगळ्या पदार्थांचा सांधा घ्या. एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की त्यातून वीज वाहू लागते. हे तत्त्व दोनशे वर्षांहून जुनं आहे. ऊबपट्टीत एका बाजूला माणसाची कातडी, दुसऱ्या बाजूला हवा, एवढंच. अंगात ऊब आहे तोवर फोन सुरू. अंघोळीला काढून ठेवली तर साठवलेल्या विजेवर सहा तास निघतात. त्यानंतरही पट्टी थंडच राहिली तर फोन करणाऱ्याला तो नंबर स्विच ऑफ असल्याचं ऐकू येतं, आणि सरकारदरबारी त्या माणसाच्या नावापुढे आपोआप एक खूण पडते.

मिरजेच्या वैशालीताई तेरदाळ्यांना यातल्या शास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. फोनशी त्यांचं काम एकच. रोज संध्याकाळी साडेसातला लेकीला मिस्ड कॉल द्यायचा.

मिस्ड कॉल म्हणजे उचलायचा नाही, बोलायचं नाही, नुसती रिंग द्यायची. त्यांच्या तरुणपणी अख्खा देश असाच बोलायचा. पोहोचल्यावर एक रिंग, जिन्याखाली उभं राहून दोन. ताईंनी ती रीत सोडली नव्हती, कारण लेकीशी बोलायची सोयच उरली नव्हती. दहा वर्षांपूर्वी ईश्वरीनं बिलासपूरच्या दीपेश साहूशी लग्न केलं आणि ती निघाली, तेव्हा ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "आजपासून तू मला मेलीस." बोलून गेल्या खऱ्या. चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी न राहवून एक मिस्ड कॉल दिला. दुसऱ्या रिंगला पलीकडून कट झाला. फणकाऱ्यानं कट केला असणार, पण ताईंना केवढं बरं वाटलं! "आहे गं बाई, आहे," असं स्वतःशीच म्हणून त्या कुकर लावायला उठल्या.

सात वर्षं हेच चाललं. साडेसातला कॉल, दुसऱ्या रिंगला कट, "आहे गं बाई, आहे," आणि कुकर. मग एका संक्रांतीपासून कट होणं थांबलं. पुरत्या अठरा रिंगा जायला लागल्या. ताईंनी शेजारणीला तिळगूळ देता देता सांगितलंसुद्धा, "राग निवळला हो पोरीचा. आता कट करत नाही."

त्याला तीन वर्षं झाली.

वाचनालयाच्या माडीवर दर मंगळवारी डॉ. संदीप मगदूम ज्येष्ठांना फोनची परिभाषा शिकवत. ज्या गटानं ऊबपट्टी घडवली त्यात हे गृहस्थ स्वतः होते. निवृत्तीनंतर गावी परतले होते. त्या मंगळवारी त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले. बिझी, कव्हरेजबाहेर, कट, रिंग.

"शब्द तुमचे ओळखीचेच आहेत," ते म्हणाले, "पण आता प्रत्येक शब्द पलीकडच्या माणसाची बातमी सांगतो. बिझी म्हणजे माणूस कुणाशी तरी बोलतोय. कव्हरेजबाहेर म्हणजे कुठं तरी हिंडतोय."

"आणि रिंग गेली म्हणजे माणूस खुशाल आहे," पहिल्या बाकावरून वैशालीताई म्हणाल्या.

"नाही ताई. रिंग गेली म्हणजे पट्टीला ऊब मिळतेय."

"अहो, एकच की ते!"

"एकच असायला हवं," असं म्हणून डॉक्टर पुढच्या शब्दाकडे वळले.

वर्ग सुटल्यावर ताई रेंगाळल्या. "सर, विचारते, पण हसू नका हं. माझी लेक आधी माझा फोन कट करायची. आता पुरी रिंग जाऊ देते. म्हणजे राग गेला ना तिचा?"

"उचलते का?"

"छे! एवढी कुठली वळायला. हट्टी आहे, माझ्यावरच गेलीय."

"किती वर्षं झाली?"

"संक्रांतीला तीन झाली. रोज साडेसातला लावते."

"या तीन वर्षांत कधी बिझी लागला?"

ताईंनी आठवून पाहिलं. "नाही."

"कव्हरेजबाहेर?"

"नाही हो. एकदाही नाही. अठरा रिंगा, रोज."

डॉक्टर बाकावर बसले. बोलावं की नको, हे त्यांना ठरवता येईना. "ताई, कट करायला माणूस लागतो. नाव बघावं लागतं, चिडावं लागतं, बोट हलवावं लागतं. रिंग जायला यातलं काही लागत नाही. नुसती अंगाची ऊब पुरते."

"कुणाच्या अंगाची?"

"ते पट्टीला कळत नाही. आम्ही नाडी ओळखायची सोय घालणार होतो. पट्टी जाड व्हायला लागली, तेव्हा काढून टाकली. म्हटलं, दुसऱ्याची पट्टी कोण कशाला घालेल?" मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "गेल्या जनगणनेत देशात जितकी पट्टीधारक माणसं मोजली, त्यांच्यापेक्षा अकरा लाख पट्ट्या जास्त चालू निघाल्या. आम्हाला वाटलं, यंत्रांची चूक. दोनदा तपासलं. यंत्रं बरोबर होती."

"भलतंसलतं बोलू नका!" ताई एकदम कडाडल्या. "शिकली-सवरली माणसं तुम्ही!" आणि पिशवी उचलून जिना उतरल्या.

साडेसातला त्यांनी कॉल लावला. पहिली रिंग गेली, दुसरी गेली. "कट कर गं," त्या पुटपुटल्या. "इशू, एकदा कट कर. पाहिजे तर शिव्या दे." अठराव्या रिंगेनंतर फोन आपोआप थांबला. त्या दिवशी कुकर लागला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बिलासपूरच्या एका घराचं दार दीपेशनं उघडलं. त्याच्या दोन्ही मनगटांवर पट्ट्या होत्या. डावीकडची काळी, त्याची. उजवीकडची हिरवी, आणि तिच्यावर ईश्वरीनं कॉलेजात असताना नेलपॉलिशनं काढलेलं फूल अजून दिसत होतं. ते चुकलेल्या पाकळीचं फूल पाहून ताई उंबऱ्यावरच बसल्या.

"रक्ताचा कॅन्सर होता, आई," दीपेश म्हणाला. ईश्वरीनंच शिकवलेली मराठी तो जपून बोलत होता. "शेवटी बोट हलत नव्हतं. साडेसातला तुमचा फोन आला, कट नाही करता आला, म्हणून खूप रडली. मला म्हणाली, आईला स्विच ऑफ ऐकू द्यायचं नाही. ती मला मेलीस म्हणाली होती. तिला वाटेल, तिच्याच शब्दानं झालं."

ताईंना हुंदका आवरेना. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मग तुम्ही का नाही हो कट केला? मला कळलं नसतं."

"ते तिचं होतं," तो म्हणाला. "माझं नव्हतं ते."

मग त्यानं उजवा हात पुढे केला. "तीन वर्षं झाली, आई. काढायला जातो आणि हात थांबतो. काढली की सहा तासांनी ती जाईल. माझ्या हातानं जाईल. तुम्ही काढा."

ताईंनी बक्कल सोडलं. पट्टी त्यांच्या मुठीत आली. ती कोमट होती, आणि ती ऊब जावयाची आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही. टेबलावर ठेवायचं म्हणजे तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणायचं. एकदा म्हणून झालं होतं. त्यांनी पट्टी आपल्या उजव्या मनगटावर बांधली आणि बक्कल घट्ट केलं.

संध्याकाळी दीपेशनं चहा आणून ठेवला. साडेसात वाजले, आणि दहा वर्षांच्या सवयीनं ताईंचं बोट डाव्या मनगटावर गेलं. रिंग गेली. त्यांचं उजवं मनगट थरथरलं आणि हिरव्या पट्टीवर नाव उमटलं, 'आई'.

दुसऱ्या रिंगला ताईंनी कट केला.

"आहे गं बाई, आहे," त्या म्हणाल्या, आणि कुकर कुठं ठेवलाय म्हणून दीपेशला विचारायला उठल्या.