क्रेमोनाहून आलेलं व्हायोलिन

यातलं एकही वाक्य मी वाढवून सांगत नाहीये. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते आनंदकाका आजही आमच्याच मजल्यावर राहतात. बाळकुमला, अकराव्या मजल्यावर. कुणीही येऊन विचारावं.

आणि भुताची गोष्ट म्हणजे रात्रच असणार, असं समजू नका.

सोमवार होता. ११ मार्च २०२४. लख्ख दुपार.

आनंद गुप्ते बँकेतून रिटायर झालेले. घरात ते आणि सुमतीकाकू. एकुलती एक मुलगी, अंतरा. चांगली इंजिनीअर. पण एक दिवस नोकरी सोडली आणि इटलीला गेली. क्रेमोना नावाच्या जुन्या शहरात, व्हायोलिन बनवायला शिकायला. तिथे चारशेहून जास्त वर्षं हेच चालत आलंय. गल्लीगल्लीत कारागीर. आपण कपडे वाळत घालतो तशी ते पॉलिश केलेली व्हायोलिनं तारेला टांगतात, असं तीच सांगायची.

काकांना हे पटलंच नाही.

"सुतारकाम करायला एवढं शिकवलं तुला?" एअरपोर्टवर ते एवढंच म्हणाले.

त्यानंतर दीड वर्ष ते तिच्याशी बोलले नाहीत.

तिची जेवणाची सुट्टी बाराला व्हायची. म्हणजे आपले साडेचार. रोज त्या वेळेला फोन यायचा. काकूंशी पोटभर बोलून झालं की शेवटी ती विचारायची, "बाबा आहेत?"

काका तोवर चपला घालत असायचे.

"खाली गेलेत गं," काकू सांगायच्या.

नोव्हेंबरात तिकडे दाट धुकं पडतं. अशाच एका सकाळी ती सायकलवरून शाळेत निघाली…

ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही.

जानेवारीत तिची तिकडची रूममेट क्षिप्रा घरी आली. हातात अंतराचं व्हायोलिन. कोऱ्या, पांढुरक्या लाकडाचं. पॉलिश नाही. तारासुद्धा नाहीत.

"डिसेंबरात घरी आणायचं होतं तिला," क्षिप्रा म्हणाली. "म्हणून घाईघाईने चिकटवून बंद केलं. मग हळहळत बसली. आतून अजून तासायला हवं होतं, म्हणायची."

काकांनी ते अंतराच्या खोलीत खिळ्याला टांगलं आणि दार लोटून घेतलं.

फेब्रुवारीत ते सुरू झालं.

साडेचार वाजले होते. काका हॉलमध्ये पेपर चाळत होते. अचानक बाल्कनीतल्या कबुतरांची घुमघुम थांबली. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि मग…

खर्र… खर्र…

लाकूड तासल्यासारखं. अंतराच्या खोलीतून.

काकांनी दार उघडलं. आवाज बंद.

खोलीत कुणीच नव्हतं. पण व्हायोलिनच्या खाली, फरशीवर, लाकडाचा एक छिलका पडला होता. कांद्याच्या सालीसारखा पातळ.

लाकडाला कीड लागली असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. फरशी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी साडेचारला पुन्हा… खर्र… खर्र…

"सुमती, तुला काही ऐकू येतंय?"

समोर मटार सोलत बसलेल्या काकूंनी मान वर केली. "नाही बुवा. काय?"

"काही नाही."

महिनाभर हे चाललं. ज्या वेळेला ते घराबाहेर पळायचे, त्या वेळेला आता त्यांचा पाय घरातून निघेना.

११ मार्चला मात्र ते चार वाजताच खोलीत जाऊन बसले. व्हायोलिनच्या समोर.

साडेचार झाले. कबुतरं गप्प झाली.

खर्र… खर्र…

आवाज व्हायोलिनच्या आतून येत होता. बंद, चिकटवलेल्या लाकडाच्या आतून.

व्हायोलिनच्या वरच्या फळीत आवाजासाठी ठेवलेल्या फटीतून एक छिलका हळूच बाहेर सरकला… आणि त्यांच्या गुडघ्यावर पडला.

मग तासणं थांबलं.

टक्… टक्…

बोटाच्या पेराने कुणी लाकूड ठोकून बघावं तसं. मग शांतता. कुणीतरी उत्तराची वाट बघत असावं, तशी.

काका म्हणाले, "अंतरा… छान झालंय गं. खूप छान केलंयस."

मग पंख्याचा आवाज परत सुरू झाला. कबुतरं घुमू लागली.

त्यानंतर त्या खोलीतून कधीच आवाज आला नाही. काका रोज जाऊन बसले. आठ दिवस. पंधरा दिवस.

दीड वर्ष जे बोलायचं टाळलं ते एकदाचं बोलले, आणि ती गेली.

एप्रिलमध्ये ते व्हायोलिन घेऊन कल्याणला साईनाथांकडे गेले. साईनाथ वाद्यं दुरुस्त करतात. तारा चढवायच्या होत्या. साईनाथांनी छोटा दिवा लावून फटीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"काका, हे मध्ये कुणाकडे उघडलेलं का?"

"नाही. का?"

"आत पेन्सिलीने लिहिलंय. मराठीत. कारागीर नाव लिहितात आतून, पण बंद करायच्या आधी. नंतर लिहायचं तर अख्खी वरची फळी काढावी लागते. आणि ही तर कधी निघालेलीच नाही."

"काय लिहिलंय?"

साईनाथांनी एकेक अक्षर वाचलं. "अंतरा आनंद गुप्ते… बाळकुम… ११ मार्च २०२४."

त्या तारखेला तिला जाऊन चार महिने झाले होते.

घरी येऊन काकांनी पहिल्यांदा सगळं काकूंना सांगितलं. काकू शांतपणे ऐकत होत्या. रडल्या नाहीत. घाबरल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या,

"मी तर रोज बोलायचे हो तिच्याशी. एक दिवस चुकवला नाही. मग मला का नाही ऐकू आलं?"

गेल्या आठवड्यात आईने दिलेला डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेलेलो. दार उघडंच होतं. काकू अंतराच्या खोलीत खाली बसलेल्या. व्हायोलिन मांडीवर, कान त्याला लावलेला. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"ये. इथे कान लाव. येतंय ना काहीतरी?"

मी कान लावला. काहीच ऐकू येत नव्हतं.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, "हो काकू. येतंय."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मग सांग ना रे… काय म्हणतेय ती?"