बांधापलीकडचं मीठ

"ताई, बाबांच्या वर्षश्राद्धाला तरी माझ्या घरचा घास गोड मानून घे!" लुआने भाजलेल्या कोळंबीचं ताट पुढे सरकवलं, आणि थोआने भरल्या पंगतीत ते दूर लोटलं.

"गोड? ही कोळंबी नव्हे गं... माझं जळालेलं भात आहे हे!"

थोआ तडक उठली. पाठीमागे धाकट्या बहिणीचं पक्कं घर उन्हात झळकत होतं, आणि समोर होतं तिचं स्वतःचं झावळ्यांचं खोपटं!

आई गेली तेव्हा लुआ रांगत होती. तिच्यासाठी थोआने आलेलं स्थळ परतवलं, उभं तारुण्य त्या चिखलात गाडलं, लग्नात अर्धं शेतही तिच्या नावे करून दिलं. लुआच्या नवऱ्याने, तोआनने, तिथं कोळंबीचं तळं केलं, भरतीचं खारं पाणी आत घेतलं. ते बांधाखालून झिरपलं आणि थोआची दोन पिकं लोंब्या धरण्याआधीच करपली. पण खरं सांगायचं, तर भातापेक्षा तिला सलायचं ते घर... आणि तिन्हीसांजेला त्या घरातून ऐकू येणारं लुआचं हसणं!

मग रोग आला. अंगावर पांढरे ठिपके पडून कोळंबी पटापट मेली. ऐकून थोआच्या काळजात गारवा पसरला. बघायलाच गेली ती!

लुआ गुडघाभर घाणीत उभी राहून मेलेली कोळंबी उपसत होती. तोआन शहरात कारखान्यावर निघून गेला होता.

"आलीस? बघ, मन भरून बघ!" लुआ वर न पाहताच म्हणाली. "जाताना काय म्हणाला तो? 'तुझ्या बहिणीच्या हातात असती तर जमीन जगली असती.' लग्नापासून हेच ऐकतेय! बाबांनीही मरताना तुलाच हाक मारली... जळायचे मी तुझ्यावर, ताई! ते घर बांधलं ना, ते तुला दिसावं म्हणूनच!"

थोआ तिच्याशेजारी त्या घाणीत उतरली. "अगं वेडे... आणि मी त्या घरावर जळत होते!"

पावसाळ्यात लुआने पुन्हा भात लावायचं ठरवलं. पण माती जिभेला खारट लागे. मीठ धुऊन काढायला गोडं पाणी हवं, आणि गोड्या पाण्याचा कालवा फक्त थोआच्या बाजूला. तिच्या शेतात नुकती कोवळी रोपं उभी राहिली होती... दोन वर्षांनंतरची पहिली हिरवळ! एका सकाळी तिने कालव्याचं तोंड उघडलं, शेत तुडुंब भरू दिलं आणि कुदळ घेऊन मधला बांध फोडायला लागली.

लुआ धावत आली. "ताई, रोपं बुडाली गं! काय करतेयस?"

"बुडू देत."

"अगं, खाशील काय?"

"हात शाबूत आहेत अजून. बाजूला हो, पाणी जाऊ दे!"

लुआने तिच्या गळ्याला मिठी घातली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. रोपांवरून वाहत पाणी पलीकडे धावत राहिलं...

मीठ धुऊन निघेपर्यंत लावणीचा हंगाम सरला; त्या वर्षी दोन्ही शेतं रिकामीच राहिली. दोघी बहिणी परगावी कापणीच्या मजुरीला गेल्या. बांधावर जेवताना बाया विचारत, "तुमचं शेत कुठलं गं?"

"आहे की, ताईचं," लुआ म्हणे.

"काही ऐकू नका तिचं!" टोपीआड डोळे पुसत थोआ म्हणे. "दोघींचं आहे."