फात्श्वानाचं दूध कोण पितं?

"ढकला रे! शहामृगं काय बघताय?" तीरोमामा ओरडला. गाडी पुन्हा वाळूत रुतली होती!

गोराता आणि थुसो ही भावंडं सुट्टीसाठी आजोबांच्या गुरांच्या तळावर निघाली होती. गोराताच्या जन्मावेळी आजोबांनी दिलेली फात्श्वाना गाय तिला कधी एकदा भेटते असं झालं होतं.

"तिचं वासरू मेलं. गाय आटली," मामा म्हणाला. "उद्या माझ्या लग्नासाठी कापू."

"माझी गाय आहे ती!"

"मग आण ना दूध तिचं!"

गोराताला रडूच कोसळलं.

सकाळी तिने गोठणात जाऊन पाहिलं, तर कास भरलेली! "मामा, बघ तरी!"

"संध्याकाळी धार काढायला बसतो तेव्हा थेंब नसतो," मामा झाडाखालून उठलाही नाही. तो गुरं राखायचा ती कानांनी. घंटा वाजली की गाय आहे, संपलं!

थुसोने डोळा मारला. फात्श्वानाची घंटा त्याने गुपचूप गाढवाच्या गळ्यात अडकवली. गाढव तळाभोवती चरत राहिलं, मामा घोरत राहिला, आणि दोघं गाईमागे रानात शिरली.

"सिंह असला तर?" थुसो कुजबुजला.

"गप चल!"

काटेरी झुडपांत फात्श्वाना थांबली. एक चिमुकलं ईलंड हरीण धावत आलं आणि तिच्या कासेला लुचू लागलं! गोराता हसणार, तोच तिला पलीकडे मोठ्या ईलंडची हाडं दिसली, पिल्लाच्या आईचीच असणार. पायात तारेचा फास तसाच होता.

दुपारी आजोबा लग्नाच्या पाहुण्यांसह आले. मुलांनी त्यांना थेट तिथेच नेलं. तार पाहून मामाची मान खाली गेली. "मीच लावला होता... विसरलो."

"विसरलास? शरम नाही वाटत!" आजोबा कडाडले. मग मुलांकडे वळले. "शाब्बास रे वाघांनो! गाय वाचवलीत. हिला कुणी हात लावायचा नाही."

"आणि पिल्लू? ते ठेवू या ना, आजोबा!"

"रानाचं आहे ते, बाळ. वनखात्याला कळवावंच लागेल."

दुसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी पिल्लाला घेऊन गेली. फात्श्वाना कुंपणाच्या कडेने हंबरत धावली, जिथे कुंपण वळलं तिथपर्यंत. पाहुणे गोराताचं कौतुक करत होते, तिला मात्र काहीच गोड लागत नव्हतं. ती गाडी थांबवायला आपण किती लहान आहोत, एवढंच तिला कळत होतं.

आजोबांनी तिच्या हाती बादली दिली. "काढ धार. तटलीय बिचारी."

गोराता खाली बसली. फात्श्वाना हलली नाही. दूध बादलीत पडत राहिलं, आणि गाय रस्त्याकडे बघत राहिली.